मामांची सही, सुपरवायझरचं काम: भांडुपच्या एका पेंट कारखान्यातल्या सुरक्षा प्रतिनिधीचं प्रकरण

आधीच सांगून टाकतो, या प्रकरणात सुरक्षेचं ट्रेनिंग द्यायला मला बोलावलं कंपनीने आणि फी पण कंपनीनेच दिली, तेव्हा मी कोणाकडे झुकलोय का हे वाचणाऱ्याने स्वतःच बघावं. कंपनीचं नाव देणार नाही, माणसांची तर नाहीच, आणि पटकन ओळख पटेल असे काही तपशील बदललेत.

भांडुप पश्चिमेला एलबीएस मार्गाच्या आतल्या बाजूला हा कारखाना. त्या पट्ट्यात एकेकाळी कारखान्यांच्या भोंग्यावर लोक घड्याळं लावायचे, आता बऱ्याच जागांवर टॉवर उभे राहिलेत आणि जे काही कारखाने तग धरून आहेत त्यातला हा एक. इंडस्ट्रियल पेंट बनवतात, म्हणजे पंपाला, मशीनच्या बॉडीला, पत्र्याला लागतो तो. कायम कामगार साठेक, ठेकेदाराचे ऐंशीच्या आसपास. कायममधले बहुतेक कोकणातले, पंचवीस-तीस वर्षं झालेले, आणि ठेकेदाराची पोरं यूपी-बिहारकडची, थोडी मराठवाड्यातली. फ्लोअरवर सगळ्यांची भाषा एकच, मुंबईची हिंदी.

इतक्या छोट्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर नव्हता. हे घडलं तेव्हा कारखाने अधिनियम १९४८ चालू होता, त्यातल्या कलम ४०-बी मध्ये सेफ्टी ऑफिसरसाठी आकडा १००० कामगारांचा, किंवा धोका बघून सरकारने वेगळं सांगितलं तर. इथे एचआर मॅनेजरच सेफ्टी पण बघायचे. पण सेफ्टी कमिटीचं तसं नाही. भोपाळनंतर १९८७ साली कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने कलम ४१-जी आणलं, धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात कमिटी पाहिजे, आणि तिच्यात कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारख्या संख्येने पाहिजेत. डोकी किती याचा तिथे संबंध नाही. पेंट आणि पिगमेंट हे त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नावासकट आहे, म्हणजे पळवाट पण नाही.

तरी कमिटी झाली ती कायद्यामुळे नाही, एका मोठ्या कस्टमरचं ऑडिट येणार होतं म्हणून. एचआरने युनियनच्या सेक्रेटरीला फोन केला, चार नावं द्या संध्याकाळपर्यंत. सेक्रेटरीने ज्यांना दुसरं काही काम नव्हतं आणि जे नाही म्हणणार नाहीत अशी चार नावं दिली, चारही कायम कामगार. त्यात मिक्सिंगचे सीनियर ऑपरेटर, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो. गाव कणकवलीकडचं, रिटायर व्हायला दोन-तीन वर्षं राहिलेली, शांत माणूस.

चौघांना नेमणूक पत्र मिळालं आणि सोबत एक पान, ‘सुरक्षा प्रतिनिधीच्या जबाबदाऱ्या’. ते पान मी नंतर बघितलं. कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीच्या फाइलमधून उचललेलं असणार, कारण एका ठिकाणी क्रेनचा उल्लेख होता आणि इथे क्रेन नाहीच. विभागातले सर्व कामगार पीपीई (हातमोजे, मास्क अशी सुरक्षा साधनं) वापरतात याची खात्री करणे, असुरक्षित कृती दिसल्यास त्वरित थांबवणे, रोज चेकलिस्ट भरून सही करणे, विभागात अपघात होणार नाही याची दक्षता घेणे, अशी ओळीने वाक्यं. शेवटचं वाक्य तर प्लांट हेडच्या पत्रात पण घालायची कोणाची हिंमत होणार नाही, ते महिना पगारावर मिक्सर चालवणाऱ्या माणसाच्या गळ्यात घातलं. आणि या सगळ्यासाठी त्याला काय मिळणार, वेळ किती, ट्रेनिंग कोण देणार, कोणते कागद बघता येणार, त्याने काही विचारलं तर उत्तर कोणी द्यायचं, याबद्दल त्या पानावर एक अक्षर नव्हतं.

मामांनी सही केली. बाकी तिघांनी पण केली. वर्षभर कमिटीच्या बैठका कागदावर झाल्या, इतिवृत्तात प्रत्येक वेळी ‘सर्व सदस्यांनी समाधान व्यक्त केले’.

मग गणपती आले. कोकणातला माणूस मुंबईत कुठेही नोकरीला असो, गणपतीत तो गावाला जाणार म्हणजे जाणार, रजा मंजूर करावीच लागते. मिक्सिंगचे जवळजवळ सगळे जुने ऑपरेटर, मामांसकट, गावाला. त्यातच अर्जंट ऑर्डर, आणि व्हेसलमध्ये, म्हणजे पेंट मिसळायच्या टाकीत, आधीची बॅच रेड ऑक्साइडची, पुढची घ्यायची फिकट ग्रे. ज्याने पेंटमध्ये काम केलंय त्याला कळेल, लालवरून ग्रेवर जायचं तर व्हेसल चकाचक लागतं, कडेला जरा राहिलं की शेड गेली. आधी सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारं द्रव, इथे टोल्युईन, टाकून फिरवायचं, ते काढून घ्यायचं, आणि मग तळाला आणि भिंतींना जे चिकटून राहतं ते हाताने खरवडायचं. मामा ते बाहेरूनच करायचे, मॅनहोलशी, म्हणजे टाकीच्या वरच्या तोंडाशी, उभं राहून, लांब दांड्याला पितळी स्क्रॅपर बांधून, वेळ जास्त लागायचा पण आत कोणी उतरायचं नाही. ही पद्धत कुठे लिहिलेली नव्हती. मामा गावाला गेले तशी ती पण त्यांच्याबरोबर गेली.

सुपरवायझरने ठेकेदाराच्या एका हेल्परला सांगितलं, अंदर उतर के पोंछ ले, दस मिनट का काम है. पोरगा चार महिन्यांपूर्वी लागलेला. मोबाइलचा टॉर्च लावून शिडीने उतरला. टोल्युईनची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी बसते, वर मॅनहोलशी नाक नेलं तर थोडा वास येतो इतकंच, आणि आत माणूस गुडघ्यावर बसून तोंड तळाजवळ नेऊन खरवडतोय. आधी चक्कर येते, मग नशा केल्यासारखं होतं, मग आपण बाहेर पडायला पाहिजे हे कळायची शक्तीच राहत नाही. थोड्या वेळाने खरवडल्याचा आवाज बंद झाला. दुसरा हेल्पर त्याला काढायला आत पाय टाकणार इतक्यात मेंटेनन्सच्या एका जुन्या फिटरने त्याला कॉलर धरून मागे ओढलं. अशा टाकीत गेलेल्याला वाचवायला उतरलेला माणूस पण तिथेच पडतो, एकाचे दोन आणि दोनाचे तीन असेच होतात, हे त्या फिटरला कोणी ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं, जुन्या कंपनीत डोळ्यांनी बघितलं होतं. त्याने फ्लेमप्रूफ, म्हणजे आजूबाजूची वाफ न पेटवणाऱ्या, ब्लोअरचा पाइप आत सोडला, दोराचा फास टाकला, आणि नशीब असं की पोराला फास काखेत अडकवण्याइतकी शुद्ध होती. वर ओढून काढला. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये राहून बरा झाला.

अपघातानंतर ४८ तास किंवा जास्त माणूस कामावर येऊ शकला नाही की कलम ८८ खाली अपघाताची सूचना द्यावी लागते. ती द्यायची म्हणजे फाइल बनवायची, आणि फाइल बनवताना एचआरच्या हातात मिक्सिंगची रोजची चेकलिस्ट आली. त्या तारखेच्या पानावर ‘परवान्याशिवाय व्हेसलमध्ये प्रवेश नाही’ यापुढे बरोबरची खूण आणि खाली मामांची सही.

त्या तारखेला मामा गावाला होते, गौरी-गणपतीच्या विसर्जनात.

झालं असं होतं की रजेवर जायच्या आदल्या दिवशी सुपरवायझरने वही पुढे केली, मामा ऑडिट जवळ आलंय, वहीत गॅप नको, पुढच्या दिवसांच्या सह्या करून जा. मामांनी केल्या. ते मला म्हणाले, “साहेब, सह्या मी केल्या, नाही म्हणत नाही. गाडी पकडायची होती. आणि खरं सांगू, रोज पण काय वेगळं करत होतो, खूण करायची नि सही मारायची.”

मामा परत आले त्याच आठवड्यात त्यांना कारणे दाखवा नोटीस. सुरक्षा प्रतिनिधी म्हणून सोपवलेल्या जबाबदारीत गंभीर हलगर्जीपणा आणि खोटी नोंद. सुपरवायझरला काय, तर तोंडी समज. युनियन पेटली, गेटवर सभा झाली, आणि जनरल मॅनेजरने मला फोन केला की कमिटीला ट्रेनिंग द्यायचंय, दोन तासांत बसवा. मी म्हटलं ट्रेनिंग नंतर, आधी ती नोटीस आणि ते जबाबदाऱ्यांचं पान दाखवा.

एचआर मॅनेजर तसा वाईट माणूस नाही. त्यांचं एकच पालुपद, “सर, पण त्यांची सही आहे ना.” मी विचारलं, त्यांची सही नसती तर कोणाची असायला पाहिजे होती? ते गप्प. कारण उत्तर कायद्यात सरळ आहे. कलम ३६ म्हणतं की जिथे वाफ किंवा गॅस असू शकतो अशा टाकीत कोणालाही उतरवायचं नाही, जोपर्यंत वाफ काढायचे सगळे शक्य उपाय झाले नाहीत आणि सक्षम व्यक्तीने स्वतः टेस्ट करून लेखी सर्टिफिकेट दिलं नाही, किंवा मग आत जाणाऱ्याला श्वासाचं उपकरण आणि कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. यात प्रतिनिधी कुठेच नाही. कलम ७-ए मध्ये सर्वसाधारण जबाबदारी भोगवटादाराची, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे त्याची, कंपनी असेल तर डायरेक्टरची. काम सांगणारा सुपरवायझर, टाकीत उतरायचं परमिट देणारा अधिकारी, व्यवस्था उभी करणारं मॅनेजमेंट, ही साखळी आहे, आणि त्या पानाने तिच्या शेवटी गुपचूप मामांना जोडलं होतं.

असं का करतात हे पण सांगायला पाहिजे, कारण मला वाटतं बरेच एचआरवाले हे जाणूनबुजून करत नाहीत पण त्यांचे सल्लागार जाणून असतात. कलम १०१ मध्ये भोगवटादाराला किंवा मॅनेजरला एक बचाव आहे, खटला झालाच तर तो म्हणू शकतो की खरा गुन्हेगार हा दुसरा माणूस, मी पुरेशी काळजी घेतली होती आणि हे माझ्या नकळत, संमतीशिवाय झालं, आणि ते सिद्ध करायचं. आता हे सिद्ध करायला काय लागतं? खालच्या माणसाची सही. म्हणून कारखान्यात सही खाली खाली सरकत जाते. प्रतिनिधीच्या हातात वही दिली की तो बघणारा राहत नाही, बघितल्याचा पुरावा बनतो, आणि पुरावा कोणाच्या कामाचा हे अपघात झाल्यावर कळतं.

मामांची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. न बघता सही करणं चूक, आगाऊ सही तर जास्तच. पण कंपनीने दोन प्रश्नांची खिचडी केली होती. एका कर्मचाऱ्याने खोटी नोंद केली का, हा एक प्रश्न, त्याला उत्तर हो, आणि ती नोंद करून घेणारा सुपरवायझर पण त्यात बरोबरीने. आणि तो हेल्पर व्हेसलमध्ये उतरू नये हे बघायचं काम कोणाचं, हा वेगळा प्रश्न, त्याच्याशी मामांचा रजेवर असताना तर नाहीच पण ड्युटीवर असताना सुद्धा हुद्द्याने संबंध नाही.

ब्रिटनमध्ये हा घोळ होऊ नये म्हणून नियमातच सोय केलेली आहे. तिथले सुरक्षा प्रतिनिधींचे नियम १९७७ चे, लागू झाले ऑक्टोबर १९७८ पासून. मान्यताप्राप्त युनियन प्रतिनिधी नेमते, त्याने धोके बघायचे, कामगारांच्या तक्रारींचा तपास करायचा, तीन महिन्यांतून एकदा तपासणी करता येते, सरकारी इन्स्पेक्टरशी कामगारांच्या वतीने बोलायचं, आणि या कामाला आणि ट्रेनिंगला पगारी वेळ. आणि सोबत साफ लिहून ठेवलंय की ही कामं दिली म्हणून प्रतिनिधीवर कुठलंही कायदेशीर कर्तव्य येत नाही. कामगार म्हणून जे सगळ्यांना लागू तेवढंच. ते नियम इथे चालत नाहीत हे मला माहीत आहे, जीएमनी पण लगेच सांगितलं, “इथे भांडुप आहे.” बरोबर आहे. पण आपल्याकडचं बघितलं तरी दिशा तीच दिसते. कलम ४१-एच: जवळचा धोका वाटला तर कामगाराने थेट किंवा कमिटीतल्या प्रतिनिधीमार्फत मॅनेजमेंटला सांगायचं आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरला पण कळवायचं, मॅनेजमेंटने लगेच उपाय करायचा, आणि धोका आहे हे त्यांना पटत नसेल तर इन्स्पेक्टरकडे पाठवायचं, त्याचा निर्णय शेवटचा. कलम १११-ए: माहिती मागायचा, ट्रेनिंग मिळवायचा हक्क. सगळीकडे प्रतिनिधी हा सांगणारा, विचारणारा. कामावर देखरेख ठेवायचं त्याला कुठेच सांगितलेलं नाही.

मग कॅन्टीनमध्ये बैठक. दोन तासांची म्हणून ठरलेली, चालली संध्याकाळपर्यंत, आणि पुढे अजून एकदा बसावं लागलं.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते काम थांबवायच्या अधिकारावर. गंमत म्हणजे जुन्या पानावर ‘असुरक्षित कृती त्वरित थांबवणे’ लिहिलेलंच होतं, ते जबाबदारी म्हणून लिहिलेलं तोवर मॅनेजमेंटला चाललं, तेच अधिकार म्हणून मागितल्यावर जीएम म्हणाले लोक गैरवापर करतील, पगाराचं बोलणं अडलं की प्लांट बंद करतील. युनियनचा सेक्रेटरी पण असा की हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, म्हणजे भीती अगदीच निराधार नव्हती. तेव्हा तो फिटर, ज्याने पोराला काढलं होतं, बोलला. “साहेब, काम थांबलं की आमचाच ओव्हरटाइम जातो. कोण उगाच थांबवेल?”

शेवटी ठरलं ते असं. परमिट नसताना टाकीत उतरायला नाही म्हणायचा हक्क प्रत्येकाला, ठेकेदाराच्या हेल्परला सुद्धा, त्यासाठी प्रतिनिधीला विचारायची गरज नाही. प्रतिनिधीला धोका दिसला तर त्याने सुपरवायझरला सांगायचं, पटलं नाही तर थेट प्लांट हेडला फोन, प्लांट हेडने किंवा त्यांच्या जागी असलेल्या माणसाने जागेवर येऊन बघायचं आणि निर्णय लिहून सही करायची, तेवढा वेळ त्या एका मशीनचं काम थांबेल, बाकी प्लांट चालू. तरी मतभेद राहिला तर इन्स्पेक्टरला कळवायचं. थोडक्यात ४१-एचच, फक्त कोणाचा फोन नंबर आणि कोणती वही इतकं ठरवून. निर्णय मॅनेजमेंटचा राहिला, म्हणजे त्याची सही पण मॅनेजमेंटचीच राहिली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात मिळवलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

सेक्रेटरीशी वेगळं बोलावं लागलं. त्यांचं म्हणणं प्रतिनिधी युनियनचे, तेव्हा युनियन सांगेल तसं त्यांनी वागायचं. मी म्हटलं दादा, नावं तुम्ही द्या, पण करार जवळ आला की सेफ्टीची पत्रं काढायची सवय लावू नका, मग खरं पत्र आलं तरी कोणी वाचणार नाही. त्यांना आवडलं नाही. पटलं का ते माहीत नाही.

आणि ऐंशी माणसं, ज्यांचा कमिटीत कोणीच नव्हता. टाकीत उतरला तो त्यांच्यातला. कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत लावलेला माणूस पण येतो, तेव्हा तो कमिटीत बसू शकत नाही हा एचआरचा समज चुकीचा होता. पण युनियनला पण ते नको होतं, कारण ठेकेदाराची पोरं युनियनची सभासद नाहीत. बऱ्याच वादानंतर चारपैकी एक जागा त्यांना. मी दोन म्हणत होतो. जो पोरगा निवडून आला तो बारावी झालेला, पॅकिंगमध्ये काम करणारा, आणि पहिल्या ट्रेनिंगमध्येच त्याने असा प्रश्न विचारला की जीएमची बोलती बंद झाली.

तो प्रश्न गॅस मीटरबद्दल होता, तो किस्सा थोडा सविस्तर सांगतो. अपघातानंतर जीएम अभिमानाने म्हणत होते की आमच्याकडे गॅस मीटर आहे, फक्त वापरला गेला नाही. कपाटातून काढला. तो मोजतो ऑक्सिजन, आणि ज्वलनशील वाफ स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (त्याहून कमी वाफ पेटत नाही) किती टक्के आहे ते. अलार्म १० टक्क्यांवर लावलेला. पोराने विचारलं, “सर, ये आग का नापता है, आदमी के लिए कौन सा है?” मी फळ्यावर हिशोब मांडला. टोल्युईनची खालची स्फोटक मर्यादा हवेत साधारण १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). त्याचे १० टक्के म्हणजे १,१०० पीपीएम, तिथे हा मीटर पहिल्यांदा ओरडणार. आणि कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्युईनची आठ तासांची सरासरी मर्यादा १०० पीपीएम, थोड्या वेळासाठी १५०. म्हणजे मीटर गप्प, परमिटवर ‘सुरक्षित’ लिहिलेलं, आणि आतला माणूस मर्यादेच्या दहापट वाफेत, सगळं एकाच वेळी होऊ शकतं. परमिट देणाऱ्या अधिकाऱ्याला हे माहीत नव्हतं. ऑडिट करून गेलेल्यांनी पण मीटर आहे का एवढंच बघितलं होतं.

प्रतिनिधी कशाला असतो हे मला विचाराल तर मी हेच उदाहरण देतो. त्याने मीटर धरायचा नाही, रीडिंगवर सही करायची नाही, त्याने विचारायचं की हा नक्की काय मोजतो, आणि ज्याने परमिट दिलं त्याने उत्तर द्यायचं.

नवीन पान अर्ध्या पानाचं झालं. मी मसुदा दिला, त्यांनी कापला, ते ठीकच आहे. प्रतिनिधी आपला विभाग महिन्यातून एकदा फिरून बघणार, ड्युटीच्या वेळेत, आणि त्या वेळात मशीनवर बदली माणूस. अपघात किंवा थोडक्यात हुकलेली घटना झाली तर जागा बघायचा आणि लोकांशी बोलायचा हक्क, कोणी जागा साफ करायच्या आधी. सॉल्व्हंटच्या सेफ्टी शीट, टेस्टचे रिपोर्ट, इन्स्पेक्टरची पत्रं मागितली की बघायला मिळणार. चेकलिस्ट, परमिट, पीपीईची वही यांपैकी कशावर त्याची सही नाही, त्या सगळ्या सुपरवायझरकडे गेल्या. प्रतिनिधीकडे एकच वही, कार्बन कॉपीवाली, त्यात त्याने प्रश्न लिहायचा आणि विभागप्रमुखाने सात दिवसांत समोर उत्तर लिहायचं, ‘करणार नाही’ हे उत्तर पण चालेल पण कारणासकट. आणि शेवटचं वाक्य, ज्यावर एचआर सगळ्यात जास्त अडले, की प्रतिनिधी म्हणून केलेल्या किंवा न केलेल्या कामासाठी त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, ऑपरेटर म्हणून त्याची जी कर्तव्यं आहेत ती वेगळी.

कारणे दाखवा नोटीस मागे घेतली. त्याऐवजी आगाऊ सह्यांबद्दल लेखी समज, मामांना आणि सुपरवायझरला, एकाच मजकुराची. मामांना ते मान्य होतं. त्यांना प्रतिनिधीपद सोडायचं होतं, बायको मागे लागली होती की आता पुरे, पण मिक्सिंगमधून दुसरं कोणी तयार होईना म्हणून राहिले.

वही सुरू झाली. पहिल्या काही महिन्यांत निम्मे प्रश्न पंखा, कॅन्टीनचा चहा, तुटलेली लादी. एचआर वैतागून मला म्हणाले यासाठी एवढं केलं का. मला काही त्यात वाईट वाटत नाही, चहाचं लिहिल्यावर उत्तर येतंय हे बघितल्याशिवाय माणूस टाकीचं लिहीत नाही. टाकीचं पण आलंच. मिक्सिंगमधला हँडलॅम्प मेन लाइनवर चालायचा, कायद्यात अशा टाकीत २४ व्होल्टच्या वर चालत नाही, आणि पेटणारी वाफ असेल तर दिवा फ्लेमप्रूफ लागतो, तो आठवड्यात बदलला. आणि मामांनी लिहिलं, त्यांच्या अक्षरात, ‘मुळात आत उतरायचंच कशाला’. त्यावर विभागप्रमुखाने आधी ‘विचाराधीन’ लिहिलं, मामांनी पुढच्या आठवड्यात तेच परत लिहिलं, परत ‘विचाराधीन’. तिसऱ्या वेळी कमिटीत विषय आला. आता लांब दांड्याचे स्क्रॅपर स्टोअरमध्ये मिळतात, बाहेरून खरवडायची पद्धत लेखी झालीय, आणि व्हेसलच्या आतून फवारून धुवायची सोय दोनपैकी एका लाइनवर बसवली, दुसरीचं बजेट नाही म्हणतात. उतरणं शून्य झालं नाही पण बरंच कमी झालं.

त्यानंतर कायदा बदलला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० लागू झाली आणि कारखाने अधिनियम तिच्यात गेला. सेफ्टी ऑफिसरचा आकडा कारखान्याला ५०० झाला, धोकादायक प्रक्रियेला २५०, म्हणजे हा कारखाना तरीही बाहेरच. कमिटीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत असं कलम २२ म्हणतं, आधी सारखे होते, आता निदान तेवढे. जवळच्या धोक्याची सूचना द्यायचा हक्क कलम १४ मध्ये आहे, आणि तो आता फक्त धोकादायक प्रक्रियेपुरता नाही. पण प्रतिनिधीने नक्की काय करायचं आणि काय करायचं नाही हे संहितेतही एका जागी लिहिलेलं नाही, कसे आणि कशासाठी निवडायचे ते सरकारच्या नियमांवर सोडलंय. तेव्हा असं अर्धं पान प्रत्येक कारखान्याला स्वतःच लिहावं लागणार आणि ते कोणी लिहितं यावर बरंच ठरणार.

भांडुपला सध्या अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. कंपनीने ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदाराने आपली माणसं आणली, आणि मीटरचा प्रश्न विचारणारा पोरगा जुन्या ठेकेदाराबरोबर तळोज्याला गेला. मुदत संपायच्या आत ठेकेदाराच्या प्रतिनिधीला हलवायचं झालं तर आधी कमिटीला सांगायचं असं पत्र कंपनीने दिलं होतं, पण ते जुन्या ठेकेदाराला, नव्याच्या करारात ती अट घातलीच नाही. एचआर म्हणतात राहून गेलं. जागा रिकामी आहे, नवीन पोरांपैकी कोणी पुढे येत नाही, आणि युनियनचा सेक्रेटरी म्हणतोय मग ती जागा परत आम्हाला द्या. पुढच्या तिमाही बैठकीच्या अजेंड्यावर विषय घेतलाय, तो मामांनीच घ्यायला लावला.